वस्तीत किशोरवयीन मुलामुलींसाठी सुरक्षित जागा: दार उघडण्याआधी काय, उघडल्यावर काय

वस्तीत मुलांसाठी केंद्र काढायचं ठरलं की सगळ्यात आधी रंगवाला येतो. भिंतीवर फुलपाखरं निघतात, कॅरम येतो, पुस्तकांचं कपाट येतं, नगरसेवकांच्या हस्ते फीत कापली जाते. चार महिन्यांनी जाऊन बघावं तर कॅरमभोवती थोराड पोरं, कोपऱ्यात अंगणवाडीच्या वयाची दोन-तीन लेकरं, आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली गायब. 'पालक पाठवतच नाहीत हो,' असं मग सांगितलं जातं. खरं तर बहुतेक ठिकाणी कामांचा क्रम चुकलेला असतो.

११ ते १८ वयाच्या मुलामुलींचा गट आठवड्यातून दोन-तीनदा घेणारे किंवा घेऊ पाहणारे कार्यकर्ते, शिक्षक, मंडळं यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कुणी मूल येऊन काही सांगेल तेव्हा आपण नेमकं काय करणार, हे ठरलेलं नसेल तर दार उघडू नका. रंग, कॅरम, पुस्तकं नंतर आली तरी काही बिघडत नाही.

१. आधी वस्ती बघा, मग वेळ ठरवा

केंद्राची वेळ साधारणपणे कार्यकर्त्यांच्या सोयीनं ठरते: संध्याकाळी पाच ते सात. बऱ्याच वस्त्यांमध्ये नळाला पाणी नेमकं तेव्हाच येतं. मोठी मुलगी हंडे भरत असते, धाकटं भावंड कडेवर असतं, आई धुण्याभांड्याच्या कामावरून यायची असते. गॅरेजात किंवा टपरीवर जाणारा मुलगा रात्री आठशिवाय सुटत नाही. म्हणजे ज्यांना गरज जास्त तेच वेळेमुळे बाहेर राहतात.

दोन-तीन आठवडे नुसतं फिरा. पाणी कधी येतं, रेशन कधी वाटतात, बायका ओट्यावर कधी बसतात, पोरं कोणत्या कट्ट्यावर असतात, हे वहीत लिहा. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना विचारा. कुठल्या घरातली मुलगी शाळेतून काढली हे शाळेच्या हजेरीपटाआधी त्यांना कळलेलं असतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर दिवाळीनंतर मुलं गायब होणार आणि हंगाम संपल्यावर परतणार, हे धरूनच वर्षाची आखणी करा.

मुलींना आणि मुलांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून विचारलंत तर फक्त मुलगे बोलतील. प्रश्न साधे ठेवा: दिवसातला कोणता तास तुझा असतो? कुठल्या बोळातून जायला नको वाटतं?

*तपासा:* ज्या पाच मुलांनी यावं असं तुम्हाला सगळ्यात जास्त वाटतं, त्यांची नावं समोर ठेवा. ठरवलेल्या वेळेला ती येऊ शकतात का? दोघांनाच जमत असेल तर वेळ बदला. धाकट्या भावंडांना घेऊन यायची मुभा द्या आणि त्यांच्यासाठी एक वेगळं माणूस ठेवा, नाहीतर मोठी मुलगी इथंही आयाच होऊन बसते.

२. जागा

समाजमंदिर, महापालिकेच्या शाळेचा वर्ग, बुद्धविहार, वाचनालय, कुणाची तरी पुढची खोली, एवढेच पर्याय असतात. प्रत्येकात काहीतरी खोट असते. समाजमंदिर फुकट मिळतं, पण गणपती, निवडणूक आणि लग्नसराई या दिवसांत हातातून जातं. शिवाय ते ज्या मंडळाच्या ताब्यात आहे त्याच्याशी वैर असलेल्या गल्लीतली मुलं तिथं पाय ठेवत नाहीत. कुणाच्या घरी गट घेतला तर त्या घरमालकाची जात, पक्ष आणि भांडणं तुमच्या गटाला चिकटतात. माझा कल शाळेच्या वर्गाकडे आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, कारण तोंडी परवानगी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जाते.

जागा बघायला जाताना मुलगी ज्या वेळी येणार त्याच वेळी जा आणि या गोष्टी पाहा:

- खोलीत काय चाललंय हे बाहेरून दिसावं, पण ऐकू जाऊ नये. बंद दार आणि एकही खिडकी नाही, अशी खोली घेऊ नका.
- आतली कडी. मोठ्या माणसाला आतून कडी लावून मुलाबरोबर बसता येईल अशी एकही जागा नको. कडी असेल तर काढून टाका.
- संडासाला मात्र आतून नीट कडी, दिवा आणि पाणी हवं. मुली गळण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते कुणी तोंडानं सांगत नाही.
- परतीचा रस्ता. खांबावरचा दिवा लागतो का? वाटेत गुत्ता आहे का? कट्ट्यावर बसणारी पोरं कोण?
- चावी. किती जणांकडे आहे ते लिहून ठेवा. 'मंडळाच्या पोरांकडे पण एक असते' हे चालणार नाही.

३. माणसं निवडणं

सुरक्षित जागेला सगळ्यात मोठा धोका भिंतीबाहेरून येतो असं समजू नका. मुलांमध्ये वावरायला मिळावं म्हणून अशा कामात शिरणारी माणसं असतात. ती गोड बोलतात, वेळ देतात आणि पगार मागत नाहीत. म्हणून स्वयंसेवक फुकट येतोय म्हणून चौकशी टाळायची नाही. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या, आधी जिथं काम केलं तिथल्या दोन माणसांशी फोनवर बोला, आणि सुरुवातीचे काही महिने त्याला एकट्यानं गट देऊ नका. प्रमाणपत्र स्वच्छ असलं म्हणजे माणूस स्वच्छ असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की आजवर नोंद झालेली नाही.

प्रत्येक सत्राला दोन मोठी माणसं हवीत आणि मुलींच्या गटात त्यातली एक तरी बाई. दुसरं माणूस आलं नाही तर सत्र रद्द. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण एकदा अपवाद केला की नियम संपला.

नियमांचा एक कागद करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मुलाला एकट्याला गाडीवर बसवून सोडायचं नाही. रात्री खासगी मेसेज नाहीत. उसने पैसे नाहीत, वेगळी भेटवस्तू नाही, अगदी मोबाईलचं रिचार्जसुद्धा नाही. मारणं, कान पिरगाळणं, 'ए जाड्या' म्हणणं नाही. एकट्याशी बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी, पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

वस्तीतलीच ताई किंवा दादा घेतले तर मुलं लवकर रुळतात, पण मुलगी ज्या चुलत्याबद्दल सांगणार तो त्याच ताईचा दीर असू शकतो. वस्तीतलं एक आणि बाहेरचं एक, अशी जोडी बरी.

४. 'कुणाला सांगणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवा

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. मुलगी बसते, पदराशी किंवा ओढणीशी चाळा करते आणि विचारते, 'ताई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?' ताई मायेनं म्हणते, 'नाही गं, बोल.' इथंच घात होतो. मुलगी जे सांगते ते ऐकल्यावर गप्प बसायची मुभा ताईला कायद्यानं नसते. मग ताई वचन मोडते, नाहीतर कायदा. आणि मुलीनं ज्या एका मोठ्या माणसावर भरवसा टाकला तेही गेलं.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, काय म्हणतो ते गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवं. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तर कलम १९ नुसार ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल संस्थेच्या प्रमुखानं कळवलं नाही तर कैद वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र दावा किंवा खटला होऊ शकत नाही. संस्थेची बदनामी, घरच्यांचा नकार, 'आमचं आम्ही मिटवतो', यातलं काहीही कायद्यापुढे टिकत नाही.

म्हणून उत्तर आधीच ठरवा आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गटाला सांगा: 'इथं बोललेलं इथंच राहील. पण कुणाला इजा होत असेल, कुणी नको तसं वागत असेल किंवा कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर मला मदत आणावी लागेल. कुणाला सांगायचं ते तुला आधी सांगेन, तुझ्या पाठीमागे करणार नाही.' हे ऐकून एखादी मुलगी गप्प बसेल. बसू द्या. ती महिनाभरानं येईल, पण येईल ती माहीत असून.

त्यासोबत एक पान तयार करा. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्येही ठेवा:

- १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी, चोवीस तास. जीव धोक्यात असेल तर ११२.
- स्थानिक पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव. हे नाव प्रत्यक्ष ठाण्यात जाऊन विचारा, ओळख करून घ्या. प्रसंग आल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवायला जाऊ नका.
- जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती: पत्ता आणि बैठकीचे दिवस.
- बालविवाहासाठी खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी.
- १४४१६, टेली-मानस, मानसिक त्रासासाठी.
- जवळच्या सरकारी दवाखान्यातलं 'मैत्री' क्लिनिक. किशोरवयीनांच्या आरोग्याचे, पाळीचे, शरीराचे प्रश्न तिथं विचारता येतात.

*सावधान:* १०९८ ला फोन केला म्हणजे आपलं काम झालं, असं अनेकांना वाटतं. त्या फोनमुळे मदत येते, पण पोक्सोखाली माहिती पोलिसांपर्यंत पोचली याची खात्री तुम्हालाच करायची आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलीचं प्रेमप्रकरण हा यातला अवघड तुकडा. मैत्री, चिठ्ठ्या, फिरणं हा गुन्हा नाही. पण १८ वर्षांखाली शरीरसंबंधाला कायदा संमती मानत नाही, त्यामुळे मुलगी राजीखुशीनं सांगत असली तरी गुन्हा नोंदला जाऊ शकतो आणि मुलगा तुरुंगात जाऊ शकतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण गटात ते स्पष्ट सांगितलंच पाहिजे, आणि वेळीच सांगितलं पाहिजे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना कळवण्याची सक्ती, तिनं आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. खेड्यातल्या किती दवाखान्यांना हे ठाऊक असतं, कोण जाणे. निकालाची प्रत जवळ ठेवा.

५. आता पालकांकडे

पालकांची सभा बोलावू नका. घरोघर जा, तेही आई आणि बाप दोघं असतील तेव्हा, कारण एकट्या आईनं 'हो' म्हटलं तर रात्री तिलाच उत्तर द्यावं लागतं. आजी असेल तर तिच्याशी आधी बोला. मुलीनं कुठं जायचं हे बऱ्याच घरांत तीच ठरवते.

'अभ्यासाचा क्लास आहे' असं सांगून मुली आणायची युक्ती सर्रास चालते. आठव्या दिवशी पाळीवर बोलणं झालं की बाप दारात उभा राहतो आणि त्याचा राग चुकीचा नसतो. जे करणार ते सांगा: खेळ, अभ्यास, आरोग्य, कागदपत्रं, स्वतःचं रक्षण. संमतीपत्र वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. मुलालाही वेगळं विचारा. पालकांनी पाठवलं म्हणून आलेलं आणि मनातून नको असलेलं मूल पहिल्या आठवड्यातच ओळखू येतं.

६. पहिला महिना

पहिल्या महिन्यात कुणाला 'मन मोकळं करायला' लावू नका. गोल करून 'तुझ्या आयुष्यातलं दुःख सांग' असं विचारणारी प्रशिक्षणं मी पाहिली आहेत. पंधरा मुलांसमोर रडलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्याच तोंडून ते ऐकते. लंगडी, लगोरी, गाणी, चित्रं, पत्ते, काहीही खेळा. कुणी नुसतं भिंतीला टेकून बसलं तर बसू द्या.

जातीची गोष्ट बारीकसारीक व्यवहारात दिसते. हजेरी आडनावानं घेऊ नका. आडनाव पुकारलं की गल्ली आणि जात दोन्ही पुकारली जातात. खाऊ वाटायचं काम पाळीपाळीनं सगळ्यांना द्या आणि कुणी कुणाच्या हातचं टाळतंय का ते बघा. पाण्याचा माठ एक आणि पेले सारखे ठेवा. टाळणं दिसलं तर त्या मुलाला चारचौघांत झापू नका, पण सोडूनही देऊ नका. मूल वडारी, गोरमाटी, अहिराणी बोलत असेल तर ते 'शुद्ध' करायला जाऊ नका.

नियम मुलांकडून काढून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. 'कुणी रडलं तर हसायचं नाही', 'मोबाईल खोक्यात', 'बाईलं खोटं सांगायचं नाही आन् बाईनं आम्हाले', हे असंच्या असं राहू द्या. मुली आणि मुलगे आधी वेगळे बसवा. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा खेळ एकत्र घ्या. बायकी म्हणून चिडवला जाणारा मुलगा कुठल्या गटात बसणार, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

*तपासा:* महिन्याअखेरीस कोण येणं थांबलं ते पाहा. थांबलेल्यांच्या घरी आठवड्याच्या आत जा, पण 'का आली नाहीस' असं घरच्यांसमोर विचारू नका.

७. नोंदी, फोटो आणि देणगीदार

दोन वह्या ठेवा. हजेरीची उघड. दुसरी कुलुपात; तिच्यात मुलांनी सांगितलेलं, तारीख, आणि आपण काय केलं ते. तिच्यात नाव लिहायचं नाही, खूण लिहायची.

फोटोचा नियम सोपा आहे: चेहरा नाही, गणवेशावरचं शाळेचं नाव नाही, घराचा नंबर नाही. अत्याचार झालेल्या किंवा समितीपुढे गेलेल्या मुलाची ओळख कळेल असं काहीही छापणं हा गुन्हाच आहे. देणगीदार 'एक हृदयस्पर्शी केस स्टडी' मागतात. नाव बदलून दिली तरी 'तेरा वर्षांची, बाप वारलेला, आई कचरा वेचते, अमक्या वस्तीत राहते' एवढ्यावरून अख्खी वस्ती ओळखते. अशी केस स्टडी देऊ नका. गटानं मिळून काय केलं ते लिहून पाठवा. त्यानं पैसे थांबतील अशी भीती असते. पण असा नकार मान्य करणारे देणगीदारही असतात.

८. मुलानं सांगितलं: त्या दिवशीचा क्रम

१. ऐका. चेहरा शांत ठेवा. 'बापरे', 'तू ओरडली का नाहीस', 'तो तर इतका चांगला आहे', हे तोंडातून जाता कामा नये.

२. एवढं म्हणा: 'सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही.'

३. तपास करू नका. कधी, कुठं, कितीदा हे खोदून विचारणं पोलिसांचं आणि समुपदेशकाचं काम आहे. आपण विचारायचं एकच: आज घरी जायला सुरक्षित वाटतं का?

४. संशयिताला किंवा त्याच्या घरच्यांना जाब विचारायला जाऊ नका. मूल घरी परतण्याआधी बातमी पोचते आणि जबाब फिरतो.

५. अंगावर खुणा असतील किंवा घटना ताजी असेल तर आंघोळ आणि कपडे धुणं थांबवून थेट सरकारी रुग्णालयात न्या. गुन्हा नोंदला नसला तरी तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत.

६. तिचे शब्द तिच्याच भाषेत, त्याच दिवशी लिहा. आपला अर्थ मिसळू नका.

७. पोलिसांना त्याच दिवशी कळवा. मुलीला आधी सांगून, जमेल तर तिच्या भरवशाच्या माणसाला सोबत घेऊन. कायद्यानं जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. ठाण्यात नम्रपणे पण ठामपणे हे सांगता आलं पाहिजे.

८. बालकल्याण समितीकडून खटल्यासाठी सहाय्यक व्यक्ती मागा. पोक्सो नियम, २०२० मध्ये तशी तरतूद आहे. लोक ती मागतच नाहीत.

यानंतर पुढच्या सत्रात ती मुलगी आली तर तिच्याशी काल वागलात तसंच वागा. तिला वेगळी, जपून हाताळायची वस्तू करू नका.

९. कागद, पैसे आणि निर्णय मुलांच्या हाती

गटाचा जम बसला की कामाचं स्वरूप बदलतं. इथं भाषणांपेक्षा कागद उपयोगी पडतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, स्वतःच्या नावाचं बँक खातं. शाळा सुटलेल्यांसाठी दहावी-बारावीचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून जूनपासूनच चौकशीला लागा. आई किंवा बाप गमावलेल्या मुलांना बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि पात्र असूनही अर्ज न केलेली घरं प्रत्येक वस्तीत सापडतात. दाखला काढायला मुलाला सोबत न्या, खिडकीवर त्यालाच बोलू द्या. तुम्ही परस्पर काढून आणलेल्या दाखल्यातून त्याला काही शिकायला मिळत नाही.

खाऊ आणि खेळाचा महिन्याचा पैसा मुलांच्या ताब्यात द्या, हिशेब फळ्यावर लिहायला लावा. ते सगळा पैसा एका दिवशी वडापाववर उडवतील. उडवू द्या, पुढच्या महिन्यात फळ्यासमोरचं भांडण ऐकण्यासारखं असतं. वेळ बदलायची, नवीन दादा ठेवायचा, सहल काढायची, यात त्यांचं मत नुसतं विचारू नका, धरा. दादा नको म्हणत असतील तर कारण त्यांना शब्दांत सांगता आलं नाही तरी तो दादा थांबवा आणि मग शांतपणे शोध घ्या.

अठरा पूर्ण झालेल्यांचं काय, हे आधीच ठरवा. त्यांना लगेच बाहेर काढू नका आणि लहानांच्या गटातही ठेवू नका. वेगळा दिवस द्या, किंवा तिसऱ्या टप्प्यातली सगळी चौकशी करूनच स्वयंसेवक म्हणून घ्या.

ताई बदलणार असेल किंवा निधी संपून केंद्र बंद होणार असेल, तर निदान दोन महिने आधी मुलांना सांगा. चालू खटले, अर्धे अर्ज, दाखल्यांच्या पावत्या यांची यादी करून प्रत्येकापुढे आता कोण बघणार त्याचं नाव लिहा. कुलुपातली वही नव्या माणसाच्या हातात देण्याआधी, ज्या मुलांबद्दल तिच्यात लिहिलं आहे त्यांना एकेकट्याला विचारा. कुणी नको म्हटलं तर ते पान नव्या माणसाला देऊ नका, संस्थेकडे सीलबंद ठेवा. पोलिसांत गेलेल्या प्रकरणाचं पान मात्र फाडायचं नाही. न्यायालय ते मागू शकतं, आणि हेही मुलीला स्पष्ट सांगा.